पंडिता रमाबाई व त्यांच्या आठ भाषा

ज्या उपदेशकास नव्या गावी पाठविण्यात येते, त्याची पहिली अडचण बहुधा भाषेची असते. देशावरचा मनुष्य कोकणात गेला, किंवा पुण्याकडचा वऱ्हाडात गेला, म्हणजे दोघांची मराठीच असूनही बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्यास नीट पोहोचत नाही. परंतु याहून मोठी अडचण आपल्याच गावात असते. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो तेव्हाची एक गोष्ट आम्हांस आठवते. एका लहानशा मंडळीत आम्ही पाऊण तास उपदेश केला. उपासना संपल्यावर एका वृद्ध बाईने जवळ येऊन उपदेश फार चांगला झाला असे सांगितले. त्यातील कोणती गोष्ट आवडली, असे आम्ही विचारले. तेव्हा ती हसली व पदर सावरून खाली पाहू लागली. तिला काही म्हणजे काही समजले नव्हते. तरी ते ऐकण्यात पुण्य आहे, अशी तिची समजूत होती.

त्या दिवसापासून पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्हांस निराळ्या रीतीने वाचावेसे वाटू लागले. त्यांच्या विद्वत्तेविषयी व केडगावच्या कार्याविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. परंतु अनेक देशांच्या व अनेक भाषांच्या लोकांत वावरून या बाई शेवटी कोठे येऊन पोहोचल्या, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो आज आपण करू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. शास्त्रीबोवांनी तो मानला नाही, आणि आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी ती भाषा शिकविली. पुढे वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंस शिकविण्याचे काम आईवर आले. दिवसभर घरच्या कामाची व अतिथींची गर्दी असे. म्हणून उजाडण्यापूर्वी, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी, आई झोपेतल्या मुलीस उठवून मांडीवर घेई व श्लोक म्हणवून घेई. अशा रीतीने भागवत पुराण त्यांस मुखोद्गत झाले. घरातील बोली मराठी होती, व आईबापांचे बोलणे शुद्ध असल्यामुळे मुलीचेही तसेच झाले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर फिरू लागले, तेव्हा कानडी, हिंदुस्थानी व बंगाली या भाषा त्यांस वाटेतच येऊ लागल्या.

या यात्रेत कुटुंबाचा निर्वाह पुराणे वाचण्यावर होत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून ते संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचीत. लोक येऊन बसत, फुले, फळे, पैसे व धान्य ठेवीत, आणि नमस्कार करून जात. वाचलेल्याचा अर्थ प्रचारातल्या भाषेत सांगण्याची त्यांची रीत नव्हती. पवित्र शब्द कानावर पडले म्हणजे पुण्य लागते, मग ते समजोत वा न समजोत, असे वाचणारे व ऐकणारे दोघेही मानीत. ही गोष्ट रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेविली आहे. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, कारण या लेखाच्या शेवटी ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पुढे मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. १८७४ साली वडील, त्यांच्या पाठोपाठ आई आणि नंतर थोरली बहीण अशी तिघे गेली. मागे राहिली रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे उपाशीतापाशी, बहुतेक पायी, हजारो मैल फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली व त्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. महाराष्ट्रीय मुलगी, बंगाली पंडित, आणि दोघांच्या मध्ये संस्कृत भाषा, असा तो प्रसंग होता. विद्वानांच्या सभेत परक्या प्रांतातील माणसास या भाषेने एका दिवसात मान मिळवून दिला.

परंतु याच कलकत्त्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. भावाबहिणीस एकदा ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यास बोलावणे आले. प्रार्थनेच्या वेळी सर्व लोक वळून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले. समोर मूर्ती नाही, काही नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात, असे या दोघांस वाटले. हसण्याजोगी ही गोष्ट आहे खरी, परंतु हसण्यापूर्वी आपण विचारावे की, आपल्या उपासनेस प्रथमच आलेला हिंदू शेजारी आपल्याविषयी काय समजून घरी जातो? जी रीत आपणांस रोजची वाटते, ती परक्यास कोड्यासारखी असते. ती उलगडून सांगण्याचे काम आपले आहे, त्याचे नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तेथील एका पाद्रीसाहेबांनी त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले. संस्कृत तर रमाबाईंची अगदी हातची भाषा. तरी ते पुस्तक त्यांच्याने वाचवेना. त्यातील भाषेची धाटणी त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांसारखी नव्हती, व शिकवणही वेगळी होती. ते वाचणे म्हणजे वेळ घालविणे आहे असे समजून त्यांनी ते बाजूस ठेविले. यावरून दिसते की, शब्द ओळखीचे असले म्हणजे अर्थ पोहोचतोच असे नाही.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी, मातृभाषाही वेगळी. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला. तेथे घरातील पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहान बंगाली प्रत सापडली. ती घरात कशी आली हे त्यांस ठाऊक नव्हते. संस्कृत शास्त्र त्यांनी बंद करून ठेविले होते. हे बंगाली पुस्तक मात्र त्यांनी आवडीने वाचले. ज्या भाषेत त्या तेव्हा बाजारहाट करीत व शेजाऱ्यांशी बोलत, त्याच भाषेतून प्रभूची गोष्ट त्यांच्या मनात प्रथम शिरली. १८८१ साली त्यांस मनोरमा ही कन्या झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने पती वारले, आणि चोवीसाव्या वर्षाच्या आतच लहान मूल घेऊन त्या विधवा झाल्या.

त्याच साली त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व मराठीत स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. सरकारने नेमिलेल्या शिक्षण कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. कमिशनचे अध्यक्ष हंटरसाहेब इंग्रज होते, पण बाईंनी आपले म्हणणे मराठीतच सांगितले. स्त्रियांस शिकविण्यास स्त्री-शिक्षक पाहिजेत, व औषध देण्यास स्त्री-डॉक्टर पाहिजेत, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. साहेबांस ते इतके महत्त्वाचे वाटले की त्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करवून छापविले. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मोठ्या लोकांपुढे गप्प बसणाऱ्या आमच्या पुष्कळ बांधवांनी ही गोष्ट मनात धरण्याजोगी आहे. सांगण्यासारखे काही असले, व ते नीट सांगितले, म्हणजे भाषांतर करणारा मिळतो.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या. वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनीसंघात त्या राहिल्या. कोणाचे फुकट खावयाचे नाही हा त्यांचा बाणा. म्हणून हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींस त्यांनी मराठी शिकवावे, व भगिनींनी त्यांस इंग्रजी शिकवावे, असे ठरले. आमच्या मते ही देवघेव फार सुंदर होती. शिकणारी तीच शिकविणारी झाली, म्हणजे कोणी उंच नाही व कोणी नीच नाही. वैद्यकीचा बेत मात्र सिद्धीस गेला नाही, कारण बाईंस ऐकू कमी येत असे. जिला कानाने नीट ऐकू येत नाही, तिने परदेशात परक्या भाषा आत्मसात कराव्या, यावरून त्यांचे श्रम किती असतील याची कल्पना वाचकांनी करावी.

लंडनच्या फुलहॅम भागात, वाट चुकलेल्या स्त्रियांस जेथे आश्रय मिळे ते भगिनींचे घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायांची सेवा या कुलीन स्त्रिया का करितात, हे त्यांस समजेना. तेव्हा एका भगिनीने त्यांस येशूची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली व समजावून सांगितली. डोळ्यांनी कृत्य पाहिले होते, आता कानांनी त्याचा अर्थ ऐकला. दोहोंची गाठ पडताच अंतःकरण उघडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज झाल्या नाहीत. अन्न शाकाहारीच ठेविले, आणि पोशाखही आपल्या देशाचाच ठेविला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकत होत्या व तेथेच संस्कृतही शिकवीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील काही बिशपांनी ते अनुचित ठरविले. बाईंस हे मानवले नाही. आपल्या देशात त्यांनी पुरुषांच्या सभांत पूर्वीच व्याख्याने दिली होती.

याच काळात त्यांचा व त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार झाला. त्यातील एक मुद्दा आमच्या विषयाशी अगदी जवळचा आहे. क्रूसावर लॅटिन भाषेतील शब्द असावेत की काय, असा प्रश्न निघाला होता. रमाबाईंनी कळविले की लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र आहे असे त्यांस वाटत नाही. ब्राह्मण लोक संस्कृतास देवांची भाषा मानितात, तसेच भगिनी लॅटिनला मानितात काय, असे त्यांनी विचारले. आपण संस्कृताची निवड करितो ती तिला देवभाषा समजून नव्हे, तर ती आपल्या देशाची जुनी व सुंदर भाषा आहे म्हणून, असेही त्यांनी स्पष्ट केले. क्रूसावर शब्द लिहावयाचेच असतील तर ते संस्कृत असावेत, अशी त्यांची इच्छा होती. नुकताच बाप्तिस्मा झालेली, परक्यांच्या घरी राहणारी, एकटी स्त्री हे बोलते, याचे आम्हांस फार नवल वाटते. कोणतीही भाषा देवाची खासगी भाषा नव्हे. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, हे आपण दरवर्षी वाचतो. बाईंनी त्यावर विश्वास ठेविला, इतकेच.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे त्यांच्या नात्यातील डॉक्टर आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च रोजी वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठी म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, मोठमोठ्या घरांत व सभांत पाहुणचार घेतला, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. इंग्रजी ही त्यांनी तरुणपणी शिकलेली भाषा. तरी १८८७ साली त्यांनी त्याच भाषेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी पुस्तक लिहिले, व ते हजारोंनी खपले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन हिंदू विधवांच्या शाळेस दहा वर्षे मदत करण्याचे ठरले.

मदत मिळाली म्हणून त्यांनी केवळ गोड बोलणे पत्करले नाही. परत येताना त्यांनी जपानही पाहिले, आणि १८८९ साली मुंबईस पोहोचल्यावर युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर एक मोठे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील शाळा, स्त्रियांचे संघ, धर्मादाय संस्था यांची त्यांनी मोकळ्या मनाने स्तुती केली. परंतु काळ्या लोकांविषयी तेथे असलेला तिरस्कार व मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय हेही त्यांनी झाकून ठेविले नाही. अमेरिकन लोकांस हिंदुस्थानातील विधवांची हकीकत इंग्रजीत सांगितली; मराठी लोकांस अमेरिकेची हकीकत मराठीत सांगितली; आणि दोघांसही खरे तेच सांगितले. दोन लोकांच्या मध्ये उभा राहणारा मनुष्य असाच असला पाहिजे. इकडचे दोष तिकडे व तिकडचे गुण इकडे, एवढेच जो पोहोचवितो, तो दुभाषी नव्हे, चहाडखोर होय.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. काही मुलींचे मन ख्रिस्ताकडे वळू लागले तेव्हा १८९३ साली मोठा गवगवा होऊन पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाईंनी तेही सोसले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे तीनशे अनाथ स्त्रिया व मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या शेतात मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजराथेतील दुष्काळग्रस्त मुलीही तेथे आल्या. एकाच आवारात मराठी, हिंदी, गुजराथी बोलणाऱ्या मुली, आणि मदतीस परदेशांतून आलेल्या भगिनी. लहानपणी यात्रेत, उपासमारीत, वाटेवर मिळालेल्या भाषा येथे कामास आल्या. भुकेलेल्या मुलीस तिच्या बोलीत जवळ बोलाविणे हा केवळ विद्वत्तेचा भाग नव्हे. परंतु भाषा येत नसती तर तेही झाले नसते.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. या मुलींस शास्त्र शिकविताना बाईंच्या ध्यानात आले की, प्रचारातील मराठी शास्त्रात कठीण संस्कृत शब्द फार आहेत, आणि त्यांपैकी काही शब्दांबरोबर जुन्या धर्मातील कल्पनाही मनात येतात. साध्या बाईस कळेल असे मराठी शास्त्र पाहिजे, असे त्यांनी ठरविले. परंतु भाषांतरावरून भाषांतर करणे त्यांस पसंत नव्हते. म्हणून उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक या दोन भाषा अभ्यासिल्या, आणि मूळ ग्रंथांवरून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी या कामास दिली. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्ति सदनातील बायाच करीत. ज्यांस काही वर्षांपूर्वी अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांच्या हातून शास्त्राची पाने निघत होती.

आपल्या मागून काम चालवील अशी जिच्याविषयी आशा होती, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. आईने हे दुःखही गिळले व मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते संपल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांनी देह ठेविला. संपूर्ण शास्त्र छापून १९२४ साली बाहेर आले.

आमच्या बहुतेक मंडळ्यांत वाचले जाते ते शास्त्र बायबल सोसायटीचे. रमाबाईंचे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. कित्येकांस त्याची भाषा ओबडधोबडही वाटली. तेव्हा त्यांचे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. भागवताचे श्लोक तोंडपाठ असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली ही बाई. तिच्या मनात आले असते तर तिने असे संस्कृतप्रचुर मराठी लिहिले असते की पुण्याच्या विद्वानांनी मान डोलविली असती. तिने बुद्धिपुरस्सर ते टाळले. लहानपणी घाटावर बसून तिने असे शब्द वाचले होते, जे ऐकून लोक नमस्कार करीत व काही न समजता घरी जात. म्हातारपणी तिने असे शब्द शोधिले, जे ऐकून जात्यावर बसलेल्या बाईने थांबावे व विचार करावा. या दोहोंच्या मध्ये आठ भाषा व अर्ध्या जगाचा प्रवास आहे.

घाटावरच्या त्या श्रोत्यांस आपण ख्रिस्ती लोकांनी हसू नये. न समजता ऐकण्यात पुण्य आहे, ही समजूत आमच्या मंडळ्यांतून अजून गेलेली नाही. नीतिमत्त्व, पुनरुत्थान, प्रायश्चित्त हे शब्द आम्ही दर रविवारी उच्चारितो; त्यांचा अर्थ शेवटच्या बाकावरच्या किती जणांस सांगता येईल? आमचे कठीण शब्द त्यांनी मुकाट्याने सोसावे, आणि त्यांच्या बोलीस आम्ही गावंढळ म्हणावे, हा न्याय नव्हे. जो परक्याची भाषा शिकतो तो त्याच्या दारी पाहुणा म्हणून नम्रपणे उभा राहतो. उपदेशकाने आपल्या लोकांच्या दारीही असेच उभे राहावे.

आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस एक लहानशी सूचना करितो. येत्या रविवारी उपदेश आटोपल्यावर मंडळीतील एखाद्या निरक्षर बाईजवळ बसावे, आणि तिने काय ऐकले ते तिच्याच शब्दांत सांगावयास प्रेमाने विनवावे. तिला सांगता आले नाही तर दोष तिला लावू नये. तिने जे शब्द वापरिले असतील ते घरी जाऊन लिहून ठेवावे, आणि पुढचा उपदेश त्या शब्दांत करावा. आम्ही त्या वृद्ध बाईच्या घरी पुढे असेच जात असू, आणि सेमिनरीत जे शिकलो नाही ते तिच्या ओट्यावर शिकलो.

प्रभु आम्हां सर्वांस शिकलेल्यांची जीभ देवो, आणि ती थकलेल्यांस समजेल अशी बोलावयास शिकवो.